दादाला दिलेला शब्द

मुरुमहून दोन बस बदलून नंदा सास्तूरला उतरली, तेव्हा राजपाल मोटारसायकल लावून थांब्यावर उभा होता. एरवी भाऊ तिला घ्यायला कधी येत नसे. नंदा गावातलीच लेक, आणि घर चालत पोचण्यासारखं. तो आला म्हणजे आबांचं काही बरंवाईट झालं असणार, या धसक्यानं तिच्या हातातली पिशवी निसटली.

"आबा?"

"हायत. पहाटे जरा दम लागला होता, आता पडलेत." राजपालनं पिशवी उचलली, पण गाडीला अडकवली नाही. हातात धरून तसाच उभा राहिला. "घरी जायच्या आधी तुझ्याशी बोलायचंय."

नंदानं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. पौषातली सकाळ होती, वारं अंगाला झोंबत होतं.

"डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हणजे काय ते तुला कळतंय. तू राहा, सेवा कर, तुझा हक्कच हाय तो. पण नंदे, त्या घरात तुझं ते येशूचं काही काढायचं न्हाय. आबांपाशी तर अजिबातच न्हाय."

नंदा मुरुमच्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागली, पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या भावानं वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून विहाराचं सगळं तोच बघायचा. पौर्णिमेची वंदनाही तोच घ्यायचा. त्याच्या दृष्टीनं बहीण घर सोडून गेली नव्हती, उलट्या दिशेनं चालत गेली होती.

"आबांनी विसाव्या वर्षी दीक्षा घेतली," राजपाल म्हणाला. "घरातले देव टोपलीत भरून विहिरीत सोडले. मेलेली जनावरं ओढणार न्हाय म्हणून अख्ख्या गावाला तोंडावर सांगितलं, आन् त्यापायी मार खाल्ला. उद्या ते गेल्यावर कुणी म्हणायला नको, की तात्यारावाच्या लेकीनं शेवटच्या घटकेला बापाला फिरवलं."

"म्या कुणाला फिरवाया आलेली न्हाय, दादा."

"मग शब्द दे."

मुरुमपासून सास्तूरपर्यंत खिडकीशी बसून तिनं एकच मागणं मागितलं होतं, आबांना एकदा, एकदाच सगळं सांगू दे. आणि उतरल्या उतरल्या हे असं समोर आलं. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं, शब्द देत न्हाय, माझा बाप हाय तो. पण भावाचे डोळे जागरणानं लाल झाले होते, दाढी वाढली होती. तोही बापालाच जपत होता.

"दिला," ती म्हणाली.

भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात घरं एका ओळीत होती, सगळी सारखी. तात्यारावांच्या दाराशी मात्र कडुलिंबाचं मोठं झाड होतं, ते त्यांनी स्वतः लावलेलं. चांगुणावैनी दारातच आली, नंदाचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला आत नेलं.

तात्याराव खाटेवर उशीला टेकून होते. एवढा उंचापुरा माणूस गोधडीत हरवून गेला होता.

"जयभीम, आबा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जरा चमक आली. "अजून जयभीम म्हणतीस व्हय?"

"म्हणू नको का? बाबासाहेब झाले नसते तर म्या कुणाच्या उंबऱ्याला उभी राहिले असते?"

तात्याराव हसले. दारात उभ्या राजपालनं मान दुसरीकडं वळवली.

पुढचे दिवस नंदानं बापाचं सगळं अंगावर घेतलं. सकाळी कोमट पाण्यानं अंग पुसायचं, पायांना तेल लावायचं, पेज भरवायची, कपडे बदलायचे. मुरुमला ती ब्लाउज शिवायची. तिच्या बोटांना सवय होती, फाटक्या उसवल्या कापडाला न दुखवता धरायची. बाप तिच्या हातात तसाच सैल पडून राहायचा. प्रार्थना ती मोरीत जाऊन करायची, नळ थोडा सोडून ठेवून.

एकदा चांगुणा दाराबाहेरून म्हणाली, "वन्सं, मोरीत कुणाशी बोलता हो?"

नंदा बाहेर आली तर वैनी पदर तोंडाला लावून हसत होती. "ह्यांनी शब्द घेतलाय, माहीत हाय मला. माझ्यापुढं कशाला लपता? पाणी फुकट जातंय."

शब्द पाळणं नंदाला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. आबा झोपले की ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत बसायची आणि जिभेवर आलेलं गिळायची. मंडळीतले हणमंतप्पा भाऊ फोन करायचे, "नंदाबाई, वडिलांना सांगितलात काय? वेळ जायाला नको." ती म्हणायची, "भावाला शब्द दिलाय." त्यावर हणमंतप्पा म्हणायचे, "मग ठेवा. खोटं बोलून येशूचं नाव कसं सांगायचं?"

एका दुपारी ती आबांना पेज भरवत होती. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या, गाणी जोरात लावलेली. भिंती हादरल्या. नंदानं चमचा पुढं केला, तर तात्यारावांनी दातावर दात घट्ट दाबून धरले होते. आवाज पार लांब गेला तरी तोंड उघडेना.

नंदाला कळलं. तिनं वाटी खाली ठेवली.

तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक पोरगा, प्रसेनजित, कामावरून परतताना अंधारात उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून धडकला होता. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. ट्रॅक्टर याच गावातल्या कृष्णराजचा. त्याचा बाप बलभीम आणि तात्याराव एकेकाळी सख्ख्या भावासारखे. भूकंपात दोघांनी मिळून एकमेकांची माणसं मातीखालून उपसून काढली होती, नंदाची आईसुद्धा. पण प्रसेनजित गेला त्या दिवसापासून तात्यारावांनी त्या घराचं नाव टाकलं.

"नंदे," तात्याराव म्हणाले, "तू कडूबाईकडं जातीस म्हणं. त्या पोराच्या आईकडं. तिच्या हातचा चहा पितीस. खरं का?"

"व्हय, आबा."

"पोटात आग पडत न्हाय?"

"पडायची."

"मग विझली कशी?"

म्हातारा कोपरावर उठायला बघत होता, नंदानं पाठीला हात दिला.

"लई वर्षं झाली, रोज मैत्री भावना म्हणतो म्या," ते म्हणाले. "सगळे प्राणी सुखी होऊ दे म्हणतो. मुंगीला धरून म्हणतो. आन् ह्या एका पोरापाशी येऊन जीभ अडती. बलभीम गेला, त्याच्या मातीला गेलो न्हाय. ज्या माणसानं माझ्या बायकोला मातीतनं काढलं, त्याच्या मातीला न्हाय गेलो. आता माझीच वेळ आलीया, तरी अडतंय. तू प्रसेनजितची आई हायेस. तुझी आग माझ्याहून मोठी. ती कशी विझली, ते सांग मला."

ज्यासाठी बसमध्ये बसून मागणं मागितलं, ते बाप आपल्या तोंडानं विचारत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. राजपाल दळण आणायला गेलेला, वैनी मागं भांडी घासत होती. दार नुसतं लोटलं असतं तरी चाललं असतं.

"आबा," नंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं, "मला न्हाय सांगता येत. दादाला शब्द दिलाय."

तात्यारावांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग हळूच पाठ टेकली. "मग त्याच्याकडनं मोकळी होऊन ये," ते म्हणाले. "म्या जागाच हाय."

राजपाल दळणाचा डबा उतरवत होता, तेव्हा नंदा मागल्या अंगणात त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. झालं ते जसंच्या तसं सांगितलं. राजपालचा चेहरा घट्ट होत गेला.

"हेच. ह्याच्यासाठीच शब्द घेतला होता मी. आजारी माणूस, हळवा झालाय. अशाच वेळेला तुम्ही लोक धरता माणसाला."

"तुम्ही लोक?" नंदा म्हणाली. "म्या तुमची बहीण हाय, दादा."

"मग बहिणीसारखी राहा. आग विझवायची तर धम्मात काय कमी हाय? मी सांगीन आबांना."

"सांगा की. पण त्यांनी मला विचारलंय. प्रसेनजित माझा होता."

राजपालनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. भाच्याचं नाव निघालं की त्याला बोलता यायचं नाही. प्रसेनजितला दहावीपर्यंत त्यानंच घरी ठेवून शिकवलं होतं.

भांडी घासत बसलेली चांगुणा राखेच्या हातानं उठली. नवऱ्यापुढं ती सहसा बोलायची नाही.

"शब्द मोडायचा असता तर वन्संनी तुम्हाला विचारलं असतं व्हय? दार लावून सांगून मोकळ्या झाल्या असत्या. तुम्ही दळणाला गेला होता."

"तू मधी पडू नको."

"पडती. मामांनी देव विहिरीत सोडले तवा कुणाला विचारलं होतं? त्यांच्या बापानं नको म्हणून डोकं आपटून घेतलं होतं, तुम्हीच सांगता की पोरांना. तवा त्यांना अक्कल होती, आन् आता काय ऐकावं हे त्यांना कळत न्हाय?"

राजपालनं पिठाचे हात झटकले. मग म्हणाला, "मी समोर बसणार."

"बसा," नंदा म्हणाली. "म्या तुमच्यामागं काहीच सांगणार न्हाय."

तो खाटेच्या पायथ्याशी लोखंडी खुर्ची घेऊन बसला, वर्गात परीक्षेवर बसतात तसा. चांगुणा दाराच्या चौकटीला टेकली. नंदा बापाच्या उशाशी खाली बसली. एवढे दिवस मनात जुळवून ठेवलेलं सगळं तिला आठवेनासं झालं. मग जसं घडलं होतं तसंच ती सांगत गेली.

"प्रसेनजित गेल्यावर म्या मशीनला हात लावला न्हाय. दार लावून पडून असायची. कृष्णराजला मेलेला बघायचं, एवढ्याचसाठी जिती होते. गल्लीत एक धुरपदाबाई हायत, म्हाताऱ्या. त्या रोज यायच्या. भाजी आणायच्या, झाडून काढायच्या, बसायच्या. काही बोलायच्या न्हाईत. लई दिवसांनी म्हणाल्या, नंदा, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? म्या म्हटलं, करा, माझं काय जातंय. मग एका रविवारी त्यांच्यासंगट गेले. पत्र्याची शेड, पंधरा-वीस माणसं. तिथं हणमंतप्पा भाऊ सांगत होते, येशू म्हणतो, वैऱ्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी मागणं मागा. म्या ताडकन उठले, बाहेर आले. धुरपदाबाई मागं आल्या. म्या वरडले त्यांच्यावर रस्त्यातच. म्हटलं, असं सांगणाऱ्या देवाला काय कळतंय? त्याचं पोरगं मेलं असतं म्हंजे कळलं असतं!"

नंदा थांबली.

"त्या म्हणाल्या, मेलंय की, नंदा. त्याचंच पोरगं मारलं लोकांनी, तोच हा येशू. आन् मरताना त्यानं मारणाऱ्यांसाठीच माफी मागितली. तेच सांगायला रोज येती म्या, पण तुझं रडणं बघून तोंड उघडत न्हाय."

नंदानं बापाच्या अंगावरची गोधडी नीट केली.

"त्या दिवशी मला पैल्यांदा वाटलं, आबा, की माझ्याशेजारी कुणीतरी बसलंय. ज्याला माझ्यासारखंच दुखतंय. मग म्या त्याला सोडलं न्हाय. पण आग काय एका दिवसात विझली न्हाय. प्रार्थनेत कृष्णराजचं नाव घ्यायचं म्हटलं की दात आवळून यायचे, आता तुमचे आवळले तसेच. नुसतं नाव घ्यायची. भलं कर म्हणवत नव्हतं. म्हणायची, हा कृष्णराज, घे, तूच बघ ह्याच्याकडं. असं किती दिवस. मग एकदा उठले, बस धरून इथं गावात आले आन् कडूबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. मला बघून ती भिंतीला टेकली. मग चहा ठेवला, तर दूध नासलं. त्या नासलेल्या दुधाकडं बघून ती हुंदके देऊन रडायला लागली. म्या उठले, भांडं विसळलं आन् काळा चहा केला. दोघी प्यालो."

"आन् कोर्टात?" राजपालनं विचारलं. "लोक म्हणतात, तू त्याला सोडवलंस."

"कोर्टात म्या खरं तेच सांगितलं, दादा. ट्रॉलीला दिवा नव्हता. त्याला शिक्षा व्हायची ती होईल. म्या फक्त माझ्या मनातला फास सोडला त्याच्या गळ्याचा. तो फास माझ्याच गळ्याला बसला होता."

तात्यारावांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले की काय असं नंदाला वाटलं. मग त्यांचा हात गोधडीतून बाहेर आला, तिच्या डोक्यावर टेकला.

"राजपाल, भिऊ नको," ते डोळे न उघडताच म्हणाले. "म्या बुद्धाचाच हाय, आन् बुद्धाचाच जाणार. माझी वंदना तूच घे." थोडा दम खाऊन पुढं म्हणाले, "पण ही पोरगी खोटं बोलत न्हाय. हिला जे घावलं, ते खरं घावलंय."

नंदाला आनंदही झाला आणि खोल कुठंतरी दुखलंही. आबांनी अजून एक पाऊल पुढं यावं, असं तिला वाटत होतं, ते ती स्वतःपासून कशाला लपवेल? पण ज्या येशूच्या हाती द्यायचं त्याच्या हाती तिनं दिलं होतं. सांगणं तिचं होतं. पुढचं तिच्या हातातलं नव्हतं.

"कृष्णराजला बोलवा," तात्याराव म्हणाले.

"म्या जाते," नंदा उठली.

"तू नको. तू गेलीस की तो मागच्या दारानं निघून जातो म्हणत्यात. राजपाल, तू जा."

"मी?"

"तुझा विद्यार्थी हाय तो. मास्तरला न्हाय म्हणायचा न्हाय."

राजपाल खुर्चीवरून उठला. बापाकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. भिंतीच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि बाहेर पडला. मोटारसायकल चालू झाली.

तो परत आला तेव्हा मागं कृष्णराज बसलेला होता. तिशीच्या आतला गडी, पण खांदे म्हाताऱ्यासारखे वाकलेले. दारातच थबकला. नंदाकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

"जयभीम, तात्या," तो जमिनीकडं बघत पुटपुटला.

तात्यारावांनी त्याला निरखलं. त्यांच्या जबड्याची शीर एकदा ताठ झाली, मग सैल पडली. "मला उन्हात न्या," ते म्हणाले. "इथं अंधारात न्हाय बोलायचं मला."

राजपालनं उशाकडून खाट धरली. एकट्याला उचलणार नव्हती. चांगुणा पुढं होणार, तेवढ्यात तो म्हणाला, "कृष्णराज, त्या बाजूनं धर. चौकटीला लागू देऊ नको."

दोघांनी खाट उचलली, दारातून तिरकी काढली आणि लिंबाच्या पलीकडं उन्हात ठेवली. कृष्णराज खाली मातीतच बसला.

"त्या दिवशी काय झालं, मला सांग," तात्याराव म्हणाले. "गावानं सांगितलं, पोलिसांनी सांगितलं. तुझ्या तोंडनं म्या ऐकलं न्हाय."

कृष्णराज सांगू लागला. "चाक पंक्चर झालं हुतं, तात्या. ट्रॉली रस्त्याच्या कडंला घेतली. मागं दगड मांडत हुतो. दिवा बसवायला कधीचं सांगत हुते घरचे, म्याच बसवला न्हाय. प्रसेनजितदादा आला... म्या पळालो न्हाय, तात्या. पळाला म्हणत्यात सगळे. म्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो हुतो."

नंदानं त्याला माफ केलं होतं, पण हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची ताकद नव्हती.

"बोलत हुता का तो?" तिनं विचारलं.

पहिल्यांदाच कृष्णराजनं तिच्याकडं बघितलं. "व्हय, आत्या. म्हणला, आईला फोन करू नका, ती घरी एकटी असती. मामाला करा. नंबर त्यानंच सांगितला."

राजपाल लिंबाच्या बुंध्याला धरून उभा होता. "तो फोन..."

"म्याच केला हुता, सर. तुम्ही विचारलं, कोण बोलतंय. माझ्याच्यानं नाव सांगवलं न्हाय."

"त्या माणसाला शोधत मी त्या रस्त्यानं दोनदा हिंडलो," राजपाल म्हणाला. "ढाब्यावर विचारलं. दुकानात विचारलं. त्याचे पाय धरायचे होते मला. माझ्या पोराला शेवटी कुणीतरी धरून बसलं होतं म्हणून." तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तात्यारावांनी हात पुढं केला. कृष्णराजला तो कशासाठी ते आधी कळलं नाही. मग त्यानं सरकून त्या हातावर कपाळ टेकलं, आणि म्हाताऱ्याची बोटं त्याच्या केसांतून हळूहळू फिरू लागली. फिरता फिरता थांबली. ऊन अंगाला लागून तात्यारावांना झोप लागली होती. श्वास संथ चालला होता.

नंदानं तिथंच खाटेशेजारी उभं राहून डोळे मिटले. ओठ हलत राहिले. सगळ्यांसमोर, उन्हात, भावाच्या अंगणात.

डोळे उघडले तेव्हा राजपाल तिच्याकडंच बघत होता.

"झाली?"

"झाली."

"ह्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"आन् माझं?"

"रोज घेते, दादा."

राजपालनं मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं आणि दाराकडं वळून हाक मारली, "चांगुणा, एक भाकरी वाढवून टाक. कृष्णराज जेवून जाईल."